तीन घाव

भिंतीवर पाच कुऱ्हाडी टांगल्या होत्या आणि डावीकडून चौथी मनकर्णाबाईची होती. बद्रीनाथने ती ओळखली तेव्हा सँडविचचा पहिला घास त्याच्या तोंडात होता, आणि तो गिळायचा की थुंकायचा हे त्याला बराच वेळ कळेना. समोर सून हसत होती. शेजारी मुलगा वडिलांचा चेहरा टिपायला मोबाइल धरून सज्ज बसला होता. छावणीजवळच्या या नव्या कॅफेची सजावट तनुजाने केली होती, आज, रविवारी, तिच्या आणि सार्थकच्या लग्नाचा वाढदिवस होता, आणि सासऱ्याला न सांगता इथे आणून भिंत दाखवायची असा तिचा बेत होता. "बाबा, सगळं तुमचं काम आहे," ती म्हणाली. "खाली पाटीवर तुमचं नावसुद्धा टाकलंय." पाटी होती. पितळी अक्षरांतलं आपलं नाव त्याने वाचलं आणि पुन्हा चौथ्या कुऱ्हाडीकडे पाहिलं. दांडा त्याने स्वतः घडवला होता, बाभळीचा, मुठीपाशी काळी गाठ असलेला. चुकायचा प्रश्नच नव्हता. तिची धार गेली होती. नुसती बोथट झाली असती तर एक वेळ चाललं असतं, बोथट हत्यार म्हणजे झोपलेलं हत्यार, त्याला उठवता येतं. हिची धार कुणीतरी ग्राइंडर लावून मुद्दाम गोल केली होती, आणि कडेने निळा-जांभळा पट्टा उठला होता. म्हणजे पाणी उतरलं होतं. लोखंड तापवून आणि विझवून त्याला जे पाणी द्यावं लागतं, ज्याच्याशिवाय कुऱ्हाड म्हणजे पाटावरवंट्यापेक्षाही निरुपयोगी वस्तू, ते कुण्या गाढवाने दोन मिनिटांत उतरवून ठेवलं होतं. वर लॅकरचा चकचकीत थर दिला होता. दांड्याला आरपार भोक पाडून बोल्ट घातला होता.

"धार कुणी मारली हिची?" त्याने विचारलं. तनुजाला प्रश्न नीट कळलाच नाही. "सेफ्टीसाठी, बाबा. खाली लोक बसतात ना." सेफ्टी हा शब्द बद्रीनाथच्या कानात गरम तेलासारखा उतरला. चिकलठाण्याच्या कारखान्यात चौतीस वर्षं टूलरूमला काढलेल्या माणसाला ही पोर सेफ्टी शिकवत होती. त्याने भोवती पाहिलं. दाराला मूठ म्हणून मोठा पाना वेल्डिंग केला होता. बिलाचा कागद एका शिकंज्याच्या जबड्यात पकडून आणत होते. रंध्याच्या पोटात, जिथे पातं बसायचं तिथे, साखरेच्या पुड्या खोचल्या होत्या. प्रत्येक हत्याराने कधीतरी कुणाच्या तरी हाताला घट्टे पाडले असतील आणि कुणाच्या तरी चुलीवर तवा चढवला असेल. इथे ती सगळी माकडं करून बसवली होती, आणि माणसं कॉफी पीत त्यांचे फोटो काढत होती. आपण ओरडतो आहोत हे त्याला सार्थकच्या "बाबा, लोक बघतायत" या वाक्यानेच कळलं. बघू देत, त्याला वाटलं. बघायलाच तर आलेत सगळे. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात ते उगीच नाही, घरातलंच माणूस उठलं आणि घरातलं हत्यार नेऊन मारून टाकलं.

तनुजाचं म्हणणं खोटं नव्हतं, हाच खरा ताप होता. महिन्यापूर्वी तिने विचारलं होतं, बाबा, तुमच्या फळीवरच्या चार-पाच कुऱ्हाडी एका कामासाठी नेऊ का, आणि कानशीवरून मान वर न करता तो म्हणाला होता, ने की. घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये तयार हत्यारांची एक फळी होती. निवृत्त झाल्यापासून छावणीच्या आठवडी बाजारातून, भंगारवाल्याकडून, कुणाच्या माळ्यावरून तो गंजलेलं लोखंड गोळा करत आला होता. झिजलेल्या कानशीतून चाकू निघायचा, तुटक्या कुऱ्हाडीची सुताराला तासणी व्हायची, आणि जिच्यात जीव उरला असेल ती कुऱ्हाड पुन्हा कुऱ्हाडच व्हायची. तयार झालं की फळीवर. त्या फळीवर चार त्याच्या आणि एक मनकर्णाबाईची, अशा पाच कुऱ्हाडी शेजारी शेजारी होत्या. कारखान्यात असं घडलंच नसतं. टूलरूममधून साधी ड्रिल नेली तरी खिळ्यावर आपलं पितळी टोकन अडकवून जावं लागायचं. कोणतं हत्यार कुणाकडे, एका नजरेत कळायचं. ती शिस्त गेली, देश बुडाला, असं तो हल्ली रोज म्हणत असे; पण स्वतःच्या शेडमध्ये एक खिळा ठोकायचं त्याला पाच वर्षांत सुचलं नव्हतं.

कॅफेचा मालक आला. सत्यम नावाचा, तिशीच्या आतला, गोड बोलणारा पोरगा. "काका, तुम्हीच का ते? लोक लई विचारतात हो तुमच्याबद्दल." बद्रीनाथने चौथ्या कुऱ्हाडीकडे बोट केलं आणि ती आत्ताच्या आत्ता उतरव म्हणून सांगितलं. दुसऱ्याची आहे. एका बाईची आहे. दसऱ्यासाठी न्यायला येणार आहे. सत्यम घाबरला नाही, चिडलाही नाही. बोल्ट मागून पक्के केलेत, मंगळवारी सकाळी कॅफे बंद असतं, तेव्हा फिटिंगवाल्याला बोलावून काढून ठेवतो, असं तो म्हणाला. मग त्याचा चेहरा उजळला. "काका, त्या मावशींनाच घेऊन या ना. त्यांचापण फोटो लावू इथं." या पोराच्या कानाखाली वाजवावी असं बद्रीनाथला मनापासून वाटलं. घरी जाताना गाडीत तनुजा खिडकीबाहेर बघत होती आणि तिने नाक ओढलं तेव्हा त्याला थोडं वाईट वाटलं, पण राग इतका भरला होता की वाईट वाटण्याला आत जागाच नव्हती.

मनकर्णाबाईने कारखान्याच्या कॅन्टीनला वीस वर्षं भाकऱ्या थापल्या होत्या. टूलरूमची पोरं दुसऱ्या पाळीला उशिरा आली तर तव्यावरची भाकरी झाकून ठेवणारी ती एकटीच. आता ती बिडकीनजवळच्या आपल्या गावी असते. दीड एकर रान आणि सहा शेळ्या. भादव्यात ती जुन्या लुगड्यात गुंडाळलेली कुऱ्हाड घेऊन शेडच्या दारात उभी राहिली. सासऱ्याची आहे म्हणाली, कडुबाची. शेळ्यांना बाभळीच्या डहाळ्या तोडते पण आता लागत नाही. "धार तेवढी लावा, बद्रीभाऊ. बाकीला हात लावू नका." तो हसला होता. डॉक्टरला सांगावं की बाबा एवढा दात बघ आणि दाढेकडे बघू नको, तसलं ते बोलणं. तिला चहा पाजून पाठवलं आणि त्याने कुऱ्हाड चिंचेच्या पाण्यात बुडवली. दोन दिवसांनी गंज सुटला आणि खालचं लोखंड दिसलं तेव्हा त्याला आनंदाने गलबलून आलं होतं. जुन्या लोहाराच्या हातचं काम. धारेला वेगळं पोलाद, अंगाला मऊ लोखंड. फक्त पात्याच्या एका अंगावर छिन्नीचे तीन घाव होते, वेडेवाकडे, खोल. कुण्या अडाण्याने चांगल्या वस्तूवर छिन्नी चालवली, असं पुटपुटत त्याने ते काढायला घेतले. जाड पॉलिश पेपर, मग बारीक, मग आणखी बारीक, मग बफ. जवळजवळ अर्धा मिलिमीटर लोखंड उतरवावं लागलं आणि पूर्ण दोन दिवस गेले. शेवटी पट्टी ठेवून उजेडाकडे धरलं तर पट्टीखालून केसभर उजेड दिसेना. त्याला स्वतःचं तोंड त्यात दिसलं, मिशीच्या पांढऱ्या केसांसकट. जुना दांडा सैल होता, चिरलेला, काळाकुट्ट; तो बंबात घातला आणि नवा केला, काचेने तासून, जवसाचं तेल पाजून. एक रुपया घ्यायचा नाही हे आधीच ठरलेलं होतं. वीस वर्षांच्या झाकून ठेवलेल्या भाकऱ्यांपुढे हे काहीच नव्हतं. तिने लुगडं सोडून बघितल्यावर तिचा चेहरा कसा होईल, हे तो कितीतरी दिवस मनात रंगवत होता.

मंगळवारी ती सकाळच्या गाडीने आली. दसरा गुरुवारचा. खरं तर त्याने तिला घरी बसवून एकट्याने जाऊन कुऱ्हाड आणायला हवी होती, धार नीट करून द्यायला हवी होती. तनुजाने चहा देताना हळूच तसं सुचवलंही. पण दोन दिवस तो सत्यमला काय काय सुनावायचं याची जुळवाजुळव करत होता, आणि त्या सुनावण्याला साक्षीदार हवा होता. ज्याचं जळतं त्याला कळतं, तुझ्या हत्याराचं या लोकांनी काय केलंय ते तू स्वतः बघ, असं त्याला तिला दाखवायचं होतं. रिक्षात बसताच त्याने सगळं सांगून टाकलं. सून, कॅफे, ग्राइंडर, बोल्ट. ती ऐकत होती. मांडीवर रिकामं लुगडं घडी करून ठेवलेलं होतं. "म्हणजे भिताडाला लावली?" तिने विचारलं. "व्हय, शोभेला." "बरं," ती म्हणाली, आणि थोड्या वेळाने, "घाव हायेत ना पर तिच्यावर?"

"कसले घाव?" असं त्याने विचारलं, पण विचारताना अंगठ्याला ते घाव लागले. दोन उभे, एक आडवा, आडवा उजवीकडे जरासा घसरलेला. डोळ्यांपेक्षा अंगठ्याला जास्त आठवतं. रिक्षा सिग्नलला थांबली होती आणि ती रस्त्याकडे बघत सांगत होती, कुणाला ऐकवावं म्हणून नव्हे, सांगायला हवं म्हणून. सासरा तरणा होता तेव्हा पाटलाच्या वाड्यावर लाकडं फोडायचा. पैसा नाय, पायली नाय. फोडायचीच, असं व्हतं. मग दीक्षा घेतली अन् दुसऱ्या दिशी गेला नाय. तिसऱ्या दिशी गेला नाय. त्यानं सडकेच्या कामावर मजुरी केली, अन् त्या पैशातून पैठणच्या लोहाराकडून ही कुऱ्हाड करून घेतली, सोत्याची. तर वाड्यावरची माणसं आली, म्हणली ही आमची हाय, आमच्याच पडवीतली उचलली. "चावडीवर इचारलं, कडुबा, तुझी हाय त खूण काय? आता कुऱ्हाडीला काय खूण असती? कुऱ्हाडीवानी कुऱ्हाड. पंधरा दिस चावडीवर पडून व्हती. मग त्यो लोहारच आला पैठणाहून, म्हणला मीच केली, ह्याच्या पैशानं केली, तवा दिली. त्याच दिशी सासऱ्यानं छिन्नी घेतली अन् चावडीम्होरंच तीन घाव घातले. लिव्हायला येत नव्हतं. म्हणायचा, आता ही कुणाच्या बापाची नाय." सिग्नल सुटला. "दसऱ्याला समद्यांची हत्यारं पूजेला बसत्यात, भाऊ. आमची त्या दिशी कामाला जाती. विहारात खीर असती, तिचं लाकूड हिनंच फोडायचं. सासरा गेला, मालक गेले, पर एक दसरा चुकला नाय."

बद्रीनाथची जुळवलेली वाक्यं कुठे गेली ते त्याला कळेना. खुलताबादकडच्या त्याच्या गावी, आजोबांच्या घरामागे लाकडांची रास असायची आणि सकाळी जाग यायची ती फोडण्याच्या आवाजाने, हे त्याला एकाएकी आठवलं. धप्, मग थोडी विश्रांती, मग पुन्हा धप्. अंथरुणात पडून तो आवाज मोजत राहणं हा त्याच्या लहानपणातला एक मोठा आनंद होता. फोडणाऱ्याला आजी वरून ओंजळीत पाणी घालायची. त्या माणसाचं नाव काय होतं? कुऱ्हाड त्याची होती की घरची? इतकी वर्षं त्याला प्रश्नच पडला नव्हता, आणि आता रिक्षात, घामेजलेल्या पाठीने, तो त्या माणसाचा चेहरा आठवायला लागला तर फक्त ओंजळ दिसत होती. मग त्याने मनाशी हिशोब मांडला, टूलरूमचा. घाव किती खोल होते, आपण किती उतरवलं. तळाशी एखादी रेघ राहिली असेल. लॅकरच्या खाली असेल, तिरप्या उजेडात दिसेल. पण पट्टीखालून केसभर उजेड येत नव्हता. तो माप चुकणारा माणूस नव्हता, आणि आयुष्यात पहिल्यांदा आपलं माप चुकलेलं असावं असं त्याला कळवळून वाटत होतं.

सत्यमने शब्द पाळला होता. कुऱ्हाड टेबलावर कागदात काढून ठेवली होती, दोन खुर्च्या पुसल्या होत्या. आणि बद्रीनाथ त्याच्यावर तुटून पडला. रविवारपेक्षा दुप्पट आवाजात. लाज वाटत नाही का, कुणाच्या घामाच्या वस्तू भिंतीला लावता, धार मारता, जिच्यावर घरं चालली तिला खेळणं करता, उद्या आमच्या हाडांच्या पण खुंट्या करून त्यावर टोप्या अडकवाल. फिटिंगवाला ड्रिल हातात धरून उभाच राहिला. शब्द चांगले येत होते, एकेक खरा होता, आणि तरी बोलताना बद्रीनाथला वाटत होतं की आपण थांबलो की संपलो. मागे मनकर्णाबाईने कागद सोडला होता. तिने कुऱ्हाड या अंगावरून त्या अंगावर केली. पदराने लॅकर पुसून पाहिलं, जणू वर वाफ धरली आहे. पुन्हा उलटी केली. दांड्यावरून हात फिरवला आणि काढून घेतला.

"ही माझी नाय," ती म्हणाली.

"तुमचीच आहे, मावशी," सत्यम अजिजीने म्हणाला, त्याला हा सगळा प्रसंग लवकर मिटवायचा होता. "काका म्हणतात ना. न्या तुम्ही. काही खूण होती का?"

त्याने सरळ मनाने विचारलं होतं. बद्रीनाथ त्याच्यावर पुन्हा ओरडायला वळला, खूण विचारणारा तू कोण, अशी सुरुवातही झाली, पण मनकर्णाबाईने हात वर केला. कॅन्टीनमध्ये रांग मोडणाऱ्या पोरांना ती असाच हात करायची. "त्या लेकरावर काहून वरडता? घाव कुठं गेले ते सांगा."

"मी काढले."

"कशानं?"

"घासून," तो म्हणाला. "दोन दिवस लागले." हे दोन दिवसांचं त्याच्या तोंडून सवयीने गेलं, चौतीस वर्षं साहेबाला सांगत आल्यासारखं, आणि गेल्यावर तोंडात राख आल्यासारखं झालं.

"दांडा?"

"बंबात घातला."

"मी काय म्हणले व्हते तुमाला?"

"धार तेवढी लावा."

"मंग?"

चांगलं करायला गेलो, हे उत्तर होतं. तेच तनुजाने रविवारी दिलं होतं आणि त्याने ते ऐकूनही घेतलं नव्हतं. मनकर्णाबाई रडत नव्हती. तिला राग आला होता, आणि तो राग तिने कुणालाही दाखवायला काढलेला नव्हता. तिने कुऱ्हाड टेबलावरून त्याच्या बाजूला सरकवली. "वाड्यावाल्यांना पंधरा दिस घालून जमलं नाय ते तुमी दोन दिसांत केलं," ती म्हणाली. "आता ही तुमचीच झाली, बद्रीभाऊ. न्या." लुगड्याची घडी तशीच काखेत मारून ती बाहेर पडली. तो मागे गेला, गाडीपर्यंत सोडतो म्हणाला, पण ती रस्ता ओलांडून गेली होती आणि बिडकीनच्या गाड्या कुठून सुटतात हे तिला त्याच्यापेक्षा चांगलं माहीत होतं.

त्या दुपारी त्याने लॅकर खरवडलं, गोल केलेली धार कापून नवी धरली, भट्टी पेटवून पाणी दिलं. ते सगळं जमलं. ते जमणारच होतं. रात्री जेवताना तनुजाने विचारलं, झाली का हो नीट, आणि तो म्हणाला, तुझं चुकलं ते नीट झालं. ती उठून जाईल असं त्याला वाटलं, पण ती बसून राहिली आणि तिने त्याच्या ताटात आणखी एक भाकरी वाढली.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. सकाळीच तनुजाने शेड झाडून पाटावर लाल कापड अंथरलं होतं आणि सगळी हत्यारं मांडली होती, हळदकुंकू, झेंडूची फुलं, नारळ. दरवर्षी हे बद्रीनाथ स्वतः करत असे, आज तो नुसता बघत बसला होता. या दिवशी हत्याराला हात लावायचा नाही, हे कारखान्यातसुद्धा पाळलं जाई. मशिनं दिवसभर फुलं घालून गप्प उभी असायची. त्याने पाटावरून छिन्नी उचलली. तिच्यावरचं कुंकू बोटांना लागलं. हातोडी उचलली. "बाबा," तनुजा दारातून म्हणाली, "आज नसतं ना चालवायचं?" त्याने कुऱ्हाड शिकंज्यात आवळली. कुठे होते ते अंगठ्याला माहीत होतं. पहिला उभा. दुसरा उभा. मग आडवा, तो उजवीकडे घसरलेला हवा, त्याने मनाला बजावलं, घसरू दे, रागावलेल्या माणसाने चावडीपुढे घातलेला घाव आहे, त्याने डोळे मिटले आणि हातोडी मारली.

डोळे उघडल्यावर त्याने फुंकर मारून लोखंडाचा कीस उडवला. मग सवयीने वर स्टीलची पट्टी ठेवून पाहिली. दोन्ही उभ्या रेघा अगदी समांतर होत्या, आणि आडवी त्यांना बरोबर काटकोनात.